आधी पावणं

रविवार आला की माझं अंग आधीच दुखायला लागतं. सगळ्या जगाला सोमवार नकोसा असतो, मला रविवार. शनिवारी दुपारपासून फोन सुरू. ‘मॅडम, पाणी क्लीन आहे ना?’ ‘डीप किती आहे?’ ‘आम्हाला पोहता येत नाही, चालेल का?’ ‘फोटो काढायला कुणी असेल ना?’ असेल, चालेल, या की. माझ्या तोंडात आता तेवढेच शब्द उरलेत.

कोल्हापूरच्या वरच्या अंगाला पंचगंगेच्या काठावर आमचं घर. घरामागं उतार, उताराखाली नदी आणि नदीत आमच्या होड्या. एक मोठी फायबरची, वल्हवणारा सोडून सहा माणसं बसतील अशी, वल्ह्यांची. बाकीच्या त्या लांबट, निमुळत्या, एकट्यादुकट्यानं चालवायच्या कयाक. दिवाळीनंतर खालच्या बंधाऱ्याला फळ्या घातल्या की पाणी तुंबतं आणि नदी उन्हाळ्यापर्यंत गप्प पडून राहते. तोच आमचा हंगाम. सकाळी पोहे, मग नदीत फेरी, दुपारी चुलीवरचं जेवण, परत फेरी, आणि सूर्य बुडायच्या आत सगळी पाण्याबाहेर. पुण्याची, मुंबईची, अलीकडं बेंगळुरूचीसुद्धा माणसं गाड्या भरून येतात.

हे खूळ आमच्या मालकांचं. दोस्तांबरोबर तारकर्लीला गेलते, तिथं होड्या बघून आले. “आपल्या दारात नदी हाय आन् आपण समुद्राला जातोय, येडं का खुळं!” एवढं म्हणाले आणि कामाला लागले. आठवडाभर ते कारखान्यात शिफ्टला असतात. रविवारी काठावर गळ्यात शिट्टी अडकवून उभे राहतात, कयाकवाल्यांवर नजर ठेवायला. मग मोठी होडी कुणाच्या गळ्यात? माझ्या. माझं माहेर उचगाव. पाणी नळाला येतं तेवढंच मी बघितलेलं. आता माझे दंड बघून माझी बहीण म्हणते, “काय गं, तालमीत जातीस का काय?”

पहाटे उठून पोहे, रस्सा, भाकऱ्या. मग दिवसभर वल्हं. संध्याकाळी ती नारिंगी जाकिटं धुऊन तारेवर टाकायची. माणसांचा घाम, नदीचं पाणी आणि त्यांच्या अंगाला फासलेलं ते मलम, सगळ्याचा मिळून एक वास येतो, तो माझ्या हाताला बुधवारपर्यंत असतो. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशातली गत. त्यात लोकांचे प्रश्न. एकदा एका बाईनं मला विचारलं, “तुम्हाला किती छान ना, रोज बोटिंग!” मी म्हटलं, “व्हय, लई छान.” दुसरं काय म्हणणार? बोटिंग म्हणजे काय ते मला अजून ठाऊक नाही. मी कधी वल्हं सोडून त्या होडीत बसलेलीच नाही.

आता मामांचं सांगते. मामा म्हणजे माझे सासरे.

नदीच्या पलीकडं, बरोबर आमच्या समोर, आमचं थोडं रान आहे. मधे फक्त पाणी. मामांचा सगळा जन्म या दोन काठांच्या मधेच गेला. पूर्वी आमचं गुऱ्हाळ होतं, आणि गुऱ्हाळाची काहील हीच आमची होडी. काहील म्हणजे उसाचा रस उकळायची लोखंडी कढई, आत चार माणसं उकिडवी बसतील एवढी मोठी. गुळाचा हंगाम संपला की ती धुऊन नदीत सोडायची आणि मामा तिच्यातनं खत, बियाणं, बायामाणसं, शेरडं, सगळं पल्याड न्यायचे. काहील गोल, त्यामुळं वल्हं मारलं की ती जागच्या जागी गरगरायला बघते. पण मामांच्या हातात सरळ जायची म्हणे. मी लग्न होऊन आले तेव्हा एकदाच तिच्यात बसले, आणि काठ येईपर्यंत डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. मामा हसून म्हणाले होते, “पोरी, डोळं उघड, न्हायतर गाव मागं पडलेलं कळायचं न्हाय.”

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं, पाय काठीपुरता आला, हात मात्र आला नाही. तेव्हापासून पलीकडचं रान त्यांनी बघितलं नाही. पुलावरनं गाडीनं गेलं तरी पुढं शेतातनं लांबवर बांधाबांधानं चालायला लागतं, ते त्यांना जमत नाही. नदीतनं गेलं तर रान काठालाच. होडी टेकवली, दोघांनी उचलून वर घेतलं, की झालं. त्यांची एकच मागणी होती. “एकदा बांधावर बसून येऊ दे. मग काय व्हायचं ते होऊ दे.”

एवढी साधी गोष्ट! पण तीन हंगाम ती झाली नाही, आणि का झाली नाही, ते बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही.

आमच्या घरात एक नियम आहे. आधी पावणं, मग घरचं. पंगत असो, अंथरूण असो, नाहीतर गुऱ्हाळावरचा पहिला ताजा गूळ असो. वाटेनं जाणारा कोण कुठला माणूससुद्धा मामांच्या गुऱ्हाळावर रस प्याल्याशिवाय पुढं गेला नाही. काहिलीत जागा नसली तर मामा घरच्या माणसाला खाली उतरवायचे आणि परक्याला बसवायचे. पावणा जेवून हात धुवेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहायचं, तो झोपला तर घरात आवाज करायचा नाही, हे सगळं त्यांनीच आम्हाला लावलेलं वळण. घरच्या बायका शेवटी जेवायच्या, हे तर काय सांगायलाच नको. ते वळण नव्हतं, ते तसंच होतं.

तर रविवारी सकाळी मामा धोतर नेसून, टोपी घालून उताराच्या टोकाला प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसायचे. अंगात नारिंगी जाकीट. स्वतः मागून घ्यायचे. होडीत एखादी जागा उरली तर वेळ जायला नको म्हणून आधीच तयार! काठावरनं मी बघत असायची. धोतर, टोपी आणि वर ते जाकीट. हसू यायचं आणि लगेच जिवाला लागायचं.

“पोरी, आज जागा हाय का?”

“बघते हं मामा.”

पाच जण येणार असं फोनवर ठरलेलं असायचं. सहावी जागा मामांची. आणि गाडीतनं उतरायचे सहा. ‘मॅडम, माझा मेव्हणापण आलाय, चालेल ना?’ मी तोंड उघडायच्या आत मामा डाव्या हातानं जाकिटाची क्लिपं काढायला लागलेले असायचे. “जाऊ द्या, जाऊ द्या पावण्यांस्नी. लांबनं आल्यात. मी काय, हितलाच हाय.” तो मेव्हणा मामांच्या अंगाची ऊब असलेलं जाकीट घालून होडीत चढायचा आणि पाण्याकडं पाठ करून स्वतःचे फोटो काढायचा.

मी मालकांना म्हणायची, “अहो, एक फेरी त्यांच्यासाठी ठेवा की.” ते म्हणायचे, “मी ठेवतो, पण बाबाच उतरत्यात, त्याला मी काय करू?” आणि ते खरं होतं. एकदा मी मामांना म्हटलं, मंगळवारी जाऊ, गर्दी नसते. ते माझ्याकडं असं बघायला लागले, जसं काही मी वंगाळ बोलले. “कामाच्या दिवशी होडीत बसून फिरायचं? गावातली माणसं काय म्हणतील? शेतकऱ्यानं कामाच्या दिवशी हवा खात हिंडायची व्हय?” पुढं बोलायची सोय नाही. कामाच्या दिवशी जायचं नाही आणि सुट्टीच्या दिवशी पावणं. म्हातारा स्वतःच्याच दोन नियमांत अडकला होता, आणि दोन्ही मोडायची त्याची तयारी नव्हती.

या माघात त्यांची तब्येत आणखी उतरली. जेवण कमी झालं. डॉक्टर म्हणाले, वय आहे. मामा बोलायचे कमी, पण रविवारचं जाकीट सुटलं नाही. आता ते त्यांना मोठं व्हायला लागलं होतं.

मग एका रविवारी माझंच डोकं फिरलं. सकाळपासून दोन गट झाले होते. एक बाई होडीत उभी राहून नाचायला लागली, तिला बसवता बसवता माझ्या खांद्यात लचक भरली. जेवायला वीस-बावीस पानं. पावण्यांची पंगत उठली, मी आपली भाकरी चुलीपाशी बसून पाण्याबरोबर गिळली, आणि संध्याकाळच्या फेरीच्या लोकांचा फोन आला, आम्ही येतोय, दोघं जास्त आहेत. मी म्हटलं, “येऊ नका.” पलीकडचा माणूस गांगरला. “म्हणजे?” “फेरी भरली. पावणं आलेत.” फोन ठेवला. मालक बघतच राहिले. मी म्हटलं, “शिट्टी ठेवा ती आणि बाबांना उचला.”

मामांपुढं जाऊन उभी राहिले. “चला.”

“संध्याकाळच्या फेरीचं पावणं?”

“तुम्हीच.”

“मला का खुळ्यात काढतीस? घरचा माणूस पावणा कसा हुईल?”

“तीन वर्षं तुम्ही त्या रानात पाय ठेवला नाही मामा. तिथं तुम्ही पावणंच. का न्हाय म्हणताय?”

ते नदीकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “टोपी सरळ कर माझी.”

मालकांनी त्यांना पाठुंगळीला घेतलं आणि होडीत बसवलं. मालकांना सोबत घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण दोन कयाकवाले अजून पाण्यात हुंदडत होते, त्यांना सोडून काठ सोडता येत नव्हता. ठरलं असं, की मी मामांना पलीकडं काठाला टेकवून थांबायचं आणि ती कयाकवाली पोरं बाहेर आली की मालक कयाकमधनं मागनं येणार.

नदीत आलो आणि मामा एकदम वेगळेच झाले. मान ताठ केली. चेहरा अगदी शहरी पावण्यासारखा करून मला विचारलं, “का वो बाई, पाणी खोल हाय का?”

मला कळेना आधी. मग कळलं. मी म्हटलं, “न्हाय वो पावणं, गुडघाभरच हाय.”

“मगर-बिगर?”

“एक हाय, पण ती शाकाहारी हाय.”

“आमचा फोटू काढणार न्हवं?”

हसून हसून माझ्या हातातनं वल्हं सुटायची वेळ आली. मामा हसताना खोकले, मग परत हसले. तीन वर्षांत त्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं. पलीकडच्या उसाला तुरा आलेला, त्यावर उतरतं ऊन पडलं होतं. मामा तिकडंच बघत राहिले.

निम्म्यावर आलो आणि माझा खांदा राहिला. वल्हं वर उचलेना. मी थांबले. “जरा दम खाते मामा.” दिवसभराची मी, पहाटेपासूनची. थांबल्यावरच कळलं किती दमलेय ते. बाईमाणसानं थांबू नये म्हणतात ते याचसाठी असेल, थांबली की सगळं एकदम अंगावर येतं.

मामांनी डावा हात पुढं केला. “दे हिकडं ते. आता तू पावणी. मी मालक.”

“एका हातानं?”

“काहील काय दोन वल्ह्यांनी चालवत हुतो व्हय? दे.”

चेष्टाच होती. मी वल्हं दिलं आणि पुढं जाकिटांच्या ढिगाला टेकून बसले. जन्मात पहिल्यांदा त्या होडीत नुसती बसले. मामांनी वल्हं पाण्यात घातलं, होडी हळूच फिरली, ऊन तोंडावरनं सरकून पाठीवर आलं, पुन्हा तोंडावर आलं. खाली पाणी वाजत होतं. मला एवढंच आठवतं की मी म्हणत होते, मामा, सरळ घ्या की.

जागी झाले तेव्हा थंडी वाजत होती. ऊन नव्हतं. सूर्य बुडून गेला होता. काठावरनं मालक बॅटरी हलवत होते, पण हाका मारत नव्हते, आणि एरवी हाका मारल्याशिवाय राहणारा हा माणूस नव्हे, ते मला चांगलं माहीत आहे. होडी नदीच्या मधल्या खडकाजवळ, जिथं वाळुंजाचं एक झाड पाण्यातच वाढलंय, तिथं उभी होती. वल्हं होडीत आडवं टाकलेलं. आणि मामा एका हातानं वाळुंजाची फांदी गच्च धरून बसले होते, होडी वाऱ्यानं बंधाऱ्याकडं वाहत जाऊ नये म्हणून. त्यांच्या अंगातलं जाकीट काढून माझ्या पायांवर टाकलेलं होतं. फांदी धरून बसलेल्या एका हाताच्या माणसानं ते कधी आणि कसं काढलं, देवाला ठाऊक.

पलीकडचा काठ एवढा जवळ होता की उसाची सळसळ ऐकू येत होती.

माझा संताप संताप झाला. “मामा! उठवायचं न्हाय व्हय मला? हाक मारायची, पाणी मारायचं तोंडावर! तीन वर्षं थांबलाय तुम्ही, आन् आज—” मला रडू फुटलं.

“वरडू नगं,” ते म्हणाले. “निजलेल्या पावण्याला कुणी उठवतंय व्हय?”

अंधारात होडी पलीकडं न्यायची नाही हा आमचा नियम आहे. पाण्यात मोटारींचे पाइप असतात, केंदाळ, म्हणजे जलपर्णी, वाहून येऊन वल्ह्याला गुंततं. मी डोळे पुसले आणि होडी घराकडं वळवली. मामांनी एकदा मान मागं वळवून बघितलं, मग पुढंच बघत राहिले. काठावर आल्यावर मालकांनी सांगितलं, मी दोनदा हाक मारली, कयाक घेऊन यायला निघालो, तर बाबांनी मुंडी हलवून काठावरच थांबवलं.

रात्री मी झोपले नाही. पहाटे मालकांना उठवलं आणि म्हटलं, आज शिफ्टला जायचं नाही. सोमवार होता. कामाचा दिवस. मामा म्हणाले, “आज न्हाय, आज कामाचा—”

“गप बसा,” मी म्हटलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी सासऱ्याला पहिल्यांदा गप बसा म्हटलं. ते गप बसले.

मालकांनी वल्हवलं. मालकांनीच पाठीवर घेऊन त्यांना वर चढवलं आणि बांधावर पोतं टाकून बसवलं. शेजारच्या रानातनं लोक बघत होते, बघू देत. मामा पायाजवळची माती डाव्या हातानं चाचपायला गेले आणि हात मागं घेतला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी त्यांचा हात उलटा करून बघितला. फांदी धरून धरून तळहाताची सालटं गेली होती, हात सुजला होता. त्यांच्याकडं तेवढा एकच हात होता.

“हे काल सांगितलं न्हाय!”

“तू दमली हुतीस,” ते म्हणाले. “लई दमतीस तू. कोण बघत न्हाय म्हणून काय दिसत न्हाय व्हय?”

मालक उसात गेले होते, पाणी बघायला. मी फडकं सोडलं. भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. मामांना भाकरी मोडता येईना, म्हणून मी मोडली, पिठलं लावून घास केला आणि त्यांच्या तोंडापुढं धरला. आधी पावणं.

त्यांनी तोंड बाजूला केलं.

“आधी तू,” म्हणाले.

मी म्हटलं, असं कसं मामा. ते वाट बघत राहिले. शेवटी तो घास मी खाल्ला. मग दुसरा, तिसरा. माझी भाकरी संपेपर्यंत ते माझ्याजवळ बसून राहिले, आणि नंतर जेवले.